आठव्या नंबरची टीम

आपल्याकडे फुटबॉल म्हटलं की पोरांच्या अंगात मँचेस्टर नाहीतर बार्सिलोनाचा टीशर्ट असतो. त्यांना भारतात कुठली टीम चॅम्पियन झाली असं विचारलं तर दहातले नऊ जण खांदे उडवतात, आणि दहावा 'मोहन बागान असेल' म्हणून मोकळा होतो. यात त्या पोरांचा काही दोष नाही. मुंबई-पुण्यात वाढलेल्या मुलाने भारतीय फुटबॉलमधली कुठलीतरी टीम 'आपली' म्हणावी अशी सोय आपण फार कमी वेळा केली, आणि जेव्हा केली तेव्हा ती टिकवली नाही. आज लिहायचंय ते एका मोसमाबद्दल: २०१६-१७ चा आय-लीगचा मोसम. त्या वर्षी मिझोराममधल्या ऐझॉल या शहराची टीम देशाची चॅम्पियन झाली. ही गोष्ट तेव्हा पेपरात 'भारताचं लेस्टर' अशा मथळ्याखाली येऊन गेली. लेस्टर सिटीने आदल्याच वर्षी इंग्लंडची लीग जिंकली होती, त्यामुळे उपमा तयारच होती. पण लेस्टरशी तुलना करून आपण या गोष्टीतला अर्धा भाग गमावला असं मला वाटतं. कारण त्या मोसमाच्या गुणतक्त्यात वरच्या टोकाला ऐझॉल होतं आणि खालच्या टोकाला आपण होतो. आपण म्हणजे मुंबई.

ज्यांना फुटबॉलमध्ये फारसा रस नाही अशा वाचकांसाठी (यात आमचे बरेचसे नातेवाईक आले) थोडी पूर्वपीठिका सांगतो.

भारतात राष्ट्रीय पातळीवरची साखळी स्पर्धा सुरू झाली ती १९९६ साली, नॅशनल फुटबॉल लीग या नावाने. २००७ पासून तिचंच नाव आय-लीग झालं. साखळी स्पर्धा म्हणजे प्रत्येक टीम दुसऱ्या प्रत्येक टीमशी दोनदा खेळणार, एकदा आपल्या गावात, एकदा त्यांच्या. जिंकलात तर तीन गुण, बरोबरी झाली तर एक. शेवटी ज्याचे गुण जास्त तो चॅम्पियन. फायनल नाही, सेमीफायनल नाही. आणि जगभरच्या पद्धतीप्रमाणे तळाला राहिलेली टीम खालच्या गटात जाणार, खालच्या गटातली पहिली टीम वर येणार. हा वर-खाली जाण्याचा जिना साखळी स्पर्धेत फार महत्त्वाचा. तो असला की अगदी छोट्या गावातल्या टीमलाही कागदावर का होईना, वर जायची वाट मोकळी असते, आणि मोठ्या टीमला शेवटच्या सामन्यापर्यंत धाकधूक असते.

आय-लीगचे पहिले सहा मोसम घ्या. सहाच्या सहा विजेतेपदं गोव्यात गेली. डेंपो तीनदा, चर्चिल ब्रदर्स दोनदा, साळगावकर एकदा. डेंपोने त्याआधी नॅशनल लीगही दोनदा जिंकली होती, म्हणजे एकूण पाच. एवढ्याशा गोव्याने कोलकात्याच्या मातब्बर क्लबांना सहा वर्षं करंडकाला हात लावू दिला नाही! गोव्यातल्या माणसाला विचारा, तो डेंपोवाला की चर्चिलवाला हे तो जन्मापासून ठरल्यासारखं सांगेल.

मग २०१४ साली इंडियन सुपर लीग आली. आयएसएल. आयपीएलच्या धर्तीवर शहरं वाटून दिलेली, सिनेनट आणि क्रिकेटपटू मालक, परदेशातले मावळतीला आलेले पण मोठे खेळाडू, प्रकाशझोत, टीव्ही. पहिल्या वर्षी आठ टीम होत्या, त्यात मुंबई, पुणे आणि गोवाही होते. ही लीग लोकांना आवडली, स्टेडियमं भरली, हे खरंच आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या लीगमध्ये तो वर-खाली जायचा जिना नव्हता. जागा विकत घ्यायची होती. तळाला राहिलात तरी पुढच्या वर्षी तुम्ही आहातच.

आय-लीगलाही एव्हाना पैशाची चणचण होती, म्हणून तिथेही एक आडवाट काढली होती. एखाद्या उद्योगसमूहाने ठरावीक रक्कम भरली तर त्याच्या टीमला खालून चढत न येता थेट वरच्या गटात प्रवेश, आणि सुरुवातीचे काही मोसम खाली घसरण्यापासून संरक्षण. या वाटेने २०१५-१६ च्या मोसमात आली ती पुण्याची डीएसके शिवाजियन्स. त्याच मोसमात खालच्या गटात पहिला नंबर मिळवून, म्हणजे जिना चढून, आली ती ऐझॉल एफसी.

त्या मोसमात नऊ टीम होत्या. मोसम संपला तेव्हा आठव्या नंबरवर ऐझॉल होती आणि नवव्या, म्हणजे शेवटच्या नंबरवर शिवाजियन्स.

आता खाली कोणी जायला हवं? पहिलीतल्या मुलालाही सांगता येईल. पण नववी टीम संरक्षित होती. म्हणून आठवी टीम खाली गेली.

नियमाप्रमाणे यात काही चुकीचं नव्हतं. नियम आधीच छापलेला होता, सगळ्यांना माहीत होता. पण ऐझॉलच्या लोकांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. तुम्ही खालून झगडत आलात, एक टीम तुमच्या मागे राहिली, आणि तरीही दार तुमच्याच तोंडावर बंद झालं, कारण मागच्याने तिकिटाचे पैसे भरले होते. बरं, ही टीम अगदीच लिंबूटिंबू होती असंही नाही. लीगमधून बाहेर पडल्यावर लगेच मे २०१६ मध्ये फेडरेशन कपच्या फायनलपर्यंत ती पोचली. गुवाहाटीला झालेल्या त्या फायनलमध्ये मोहन बागानने तिला ५-० असं धुतलं ही गोष्ट वेगळी.

ऐझॉल या गावाबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत. मिझोरामची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेप्रमाणे जेमतेम अकरा लाख. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या तालुक्या-दोन तालुक्यांएवढी. ऐझॉल वसलंय डोंगराच्या धारेवर, उतारावर एकाखाली एक घरं. तिथे सपाट जमीन ही चैन आहे, फुटबॉलचं मैदान म्हणजे डोंगर कापून केलेली जागा. आणि तरीही पोरं फुटबॉल खेळतात, कारण तिथे खेळ म्हणजे फुटबॉल. २०१२ साली त्यांनी स्वतःची मिझोराम प्रीमियर लीग सुरू केली. स्थानिक केबल वाहिनीने ती घराघरात दाखवली, आणि गल्लीतला खेळाडू टीव्हीवर दिसू लागला. दोनच वर्षांत, २०१४ साली, मिझोरामने संतोष ट्रॉफी जिंकली. फायनलमध्ये रेल्वेला ३-० असं हरवून.

याच्या मागे आणखी एक इतिहास आहे, आणि तो आपल्या शाळेच्या पुस्तकात आपण कधी वाचला नाही. मार्च १९६६ मध्ये मिझो नॅशनल फ्रंटच्या उठावानंतर भारतीय हवाई दलाच्या विमानांनी ऐझॉलवर हल्ला केला होता. आपल्याच देशाच्या एका शहरावर. त्यानंतरची वीस वर्षं तिथे बंडाळी, लष्कर, संचारबंदी यांत गेली. १९८६ साली करार झाला, १९८७ साली मिझोराम वेगळं राज्य झालं. ऐझॉल एफसीची स्थापना १९८४ ची, म्हणजे करार व्हायच्या दोन वर्षं आधीची. ज्या गावाने 'राष्ट्रीय' या शब्दाचा असा अनुभव घेतला, त्या गावाची टीम राष्ट्रीय लीगमध्ये येते तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या माणसांच्या मनात काय येत असेल? मी कधी तिथे गेलो नाही, त्यामुळे उत्तर माझ्याकडे नाही. पण प्रश्न डोक्यातून जात नाही.

तर ऐझॉल खाली गेली. आणि मग गोव्यातून अनपेक्षित मदत आली. मदत म्हणणंही बरोबर नाही, ती गोव्याच्या क्लबांची स्वतःची शोकांतिका होती. २०१६ च्या उन्हाळ्यात फुटबॉल महासंघाने नव्या रचनेचा प्रस्ताव मांडला: आयएसएल ही देशाची सर्वोच्च लीग, आय-लीग तिच्या खालची, आणि खालून वर जायला वाट नाही. साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी सांगितलं की असं असेल तर आम्ही खेळत नाही. डेंपो तर त्याच वर्षी खालच्या गटातून जिंकून पुन्हा वर आली होती, तिनेही माघार घेतली. पाच वेळा देशाची चॅम्पियन राहिलेली टीम मिळालेली बढती नाकारून गोव्याच्या स्थानिक लीगपुरती उरली.

हा निर्णय बरोबर की चूक, यावर गोव्यात आजही दोन तट पडतील. मला एवढंच दिसतं की त्यांनी पैशाच्या हिशेबाने नव्हे, मानापमानाच्या हिशेबाने विचार केला. जी स्पर्धा जिंकूनही तुम्ही दुय्यमच राहणार ती खेळायची कशाला? जागा रिकाम्या झाल्या. लीगला टीम कमी पडू लागल्या. तेव्हा महासंघाने मोसमाच्या तोंडावर ऐझॉलला परत बोलावलं. ज्या प्रस्तावाने गोव्याला बाहेर काढलं, त्याच प्रस्तावामुळे ऐझॉलला मागच्या दाराने प्रवेश मिळाला. इतिहासात असे योगायोग फार असतात, फक्त त्यांची नोंद कुठे ठेवलेली नसते.

आता मुंबईकडे येऊ.

२००७ साली स्थापन झालेली मुंबई एफसी ही एस्सेल समूहाची टीम. २००९ पासून तिचा कोच होता खालिद जमील. कुवेतमध्ये जन्मलेला, महिंद्रा युनायटेड आणि एअर इंडियाकडून खेळलेला, भारताकडून खेळलेला मध्यरक्षक. दुखापतींनी कारकीर्द लवकर संपली आणि तो कोचिंगकडे वळला. मुंबई एफसीकडे फार पैसा नव्हता आणि फार प्रेक्षकही नव्हते. कूपरेज बंद होतं त्या काळात काही मोसम तर मुंबईच्या टीमचे 'घरचे' सामने पुण्यात बालेवाडीला होत होते! अशा परिस्थितीत खालिदने सात वर्षं एकच काम केलं: टीम खाली जाऊ दिली नाही. त्याच्या खेळाला कोणी सुंदर म्हटलं नाही. बचाव घट्ट, शिस्त कडक, एक गोल मिळाला की तो जपायचा. पेपरात दोन ओळी यायच्या, 'मुंबईने बरोबरीत रोखले'. कूपरेजच्या गॅलरीत मीही अधूनमधून जाऊन बसत असे. शेंगदाणेवाला आणि आम्ही मोजके प्रेक्षक एकमेकांना चेहऱ्याने ओळखायचो, यावरून गर्दीची कल्पना यावी.

२०१६ मध्ये मुंबई एफसीने खालिदला निरोप दिला. सात वर्षांत करंडक नाही, म्हटल्यावर बदल हवा असं कोणाला वाटलं तर त्यात नवल नाही. त्याला ऐझॉलने बोलावलं. एका खाली ढकललेल्या आणि नाइलाजाने परत घेतलेल्या टीमला, एका निरोप दिलेल्या कोचने होकार दिला.

जाताना त्याने मुंबईतल्या ओळखीची मुलं बरोबर घेतली. मुंबईचा जयेश राणे आणि बचावफळीतला आशुतोष मेहता, दोघेही त्याच्या हाताखाली मुंबई एफसीत खेळलेले. गोलमध्ये उभा राहिला गोव्याचा आल्बिनो गोम्स. मधल्या फळीत लायबेरियाचा अल्फ्रेड जॅरियन आणि युद्धाने होरपळलेल्या सीरियातून आलेला महमूद अल अमना. बाकी बहुतेक मिझो पोरं, मिझोरामच्याच लीगमध्ये तयार झालेली. मोठं नाव एकही नाही. आय-लीगच्या दुसऱ्या टोकाला कोलकात्याचे दोन शंभरी पाहिलेले दिग्गज (ईस्ट बंगाल तेव्हा शंभरीला टेकली होती) आणि सुनील छेत्रीची बेंगळुरू, गतविजेती.

७ जानेवारी २०१७ ला मोसम सुरू झाला. दहा टीम, प्रत्येकी अठरा सामने. ऐझॉलने या अठरांपैकी अकरा जिंकले, चार बरोबरीत सोडवले, तीन हरले. आकडे सांगताना सोपं वाटतं. प्रत्यक्षात यातले बरेच विजय एका गोलाचे, दात-ओठ खाऊन मिळवलेले. तीच खालिदची मुंबईतली पद्धत, फक्त आता मागे भरलेलं मैदान होतं. ऐझॉलच्या राजीव गांधी स्टेडियममध्ये लोक डोंगरावर जागा मिळेल तिथे बसून सामना बघायचे. मुंबईत जो खेळ कंटाळवाणा ठरला होता तोच तिथे जिद्दीचा ठरला. खेळ बदलला नव्हता, बघणारे बदलले होते. निदान माझी तरी अशी समजूत आहे.

२२ एप्रिलला मोहन बागान ऐझॉलमध्ये आली तेव्हा दोघांचे गुण सारखे होते, तेहतीस. जो जिंकेल त्याचा करंडक जवळजवळ नक्की. बराच वेळ गोल झाला नाही. सामना संपायला थोडीच मिनिटं राहिली असताना बचावपटू झोमिंग्लियाना राल्टेने हेडर मारला आणि बॉल जाळ्यात गेला. १-०. आदल्याच वर्षी जिने पाच गोल मारले होते त्या टीमविरुद्ध.

आता उरला एक सामना. ३० एप्रिल २०१७, शिलाँग लाजाँगविरुद्ध, शिलाँगला. ऐझॉलला फक्त बरोबरी पुरेशी होती. हरले असते आणि तिकडे कोलकात्यात बागान जिंकली असती, तर करंडक हातचा गेला असता. डोंगरातल्या त्या रस्त्यांनी साडेतीनशे किलोमीटरहून जास्त प्रवास करून ऐझॉलचे लोक शिलाँगला पोचले. आणि नवव्या मिनिटाला लाजाँगच्या डिपांडाने गोल मारला. हा कॅमेरूनचा आघाडीपटू, त्या मोसमात सगळ्यांत जास्त, अकरा गोल करणारा. तिकडे बागानने चेन्नई सिटीला २-१ असं हरवलंच. म्हणजे इकडे गोल झाला नाही तर सगळं संपलं.

सदुसष्टाव्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलाने बरोबरी साधली. उरलेली वीस-पंचवीस मिनिटं कशी गेली असतील ते ज्याने कधी एखाद्या टीमवर जीव लावलाय त्यालाच समजेल. १-१. ऐझॉल ३७ गुण, मोहन बागान ३६. ईशान्य भारतातली पहिली राष्ट्रीय चॅम्पियन.

'लाजाँग' या खासी शब्दाचा अर्थ 'आपलं स्वतःचं'. शिलाँगच्या क्लबचं ते नाव. ऐझॉलने करंडक उचलला तो अशा मैदानावर, जिथे यजमान टीमच्या नावातच 'आपलं' होतं. हे मुद्दाम जुळवून आणलेलं नाही, वेळापत्रकात तसं आलं होतं. पण मला ते फार आवडतं, कारण या सगळ्या मोसमाचा प्रश्न तोच होता. आपलं म्हणजे काय?

आणि त्याच मोसमात, त्याच गुणतक्त्यात, दहाव्या नंबरवर मुंबई एफसी. खालिद गेल्यानंतरच्या पहिल्याच वर्षी टीम तळाला गेली. सात वर्षं जे टाळलं होतं ते झालं. टीम खालच्या गटात गेली आणि मग बंदच झाली. पुण्याची डीएसके शिवाजियन्स, जिच्या संरक्षणापायी ऐझॉल खाली गेली होती, तीही त्या मोसमानंतर लीगमध्ये दिसली नाही. तिच्यामागचा उद्योगसमूह आर्थिक अडचणीत सापडला होता. एका मोसमात महाराष्ट्राच्या दोन्ही टीम आय-लीगमधून नाहीशा झाल्या. कुठे मोर्चा निघाला नाही, कोणी अग्रलेख लिहिल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही.

हे पहिल्यांदा घडत नव्हतं. २००५-०६ ची नॅशनल लीग जिंकणारी महिंद्रा युनायटेड २०१० साली बंद झाली. एअर इंडिया २०१३ साली लीगबाहेर गेली. पुण्याची भारत एफसी एक मोसम खेळली आणि संपली. पुणे एफसी २०१५ ला गेली. पुढे आयएसएलमधली एफसी पुणे सिटीही २०१९ साली गुंडाळली गेली. दहा वर्षांत सहा-सात टीम! मफतलाल, ऑर्के, टाटा, पोर्ट ट्रस्ट यांच्या जमान्यापासून आपल्याकडे फुटबॉल म्हणजे कंपनीची टीम. त्यात वाईट काही नाही, त्या टीमांनी कित्येक गरीब घरच्या पोरांना नोकऱ्या दिल्या, संसार उभे केले. पण कंपनीची टीम ही कंपनीच्या ताळेबंदातली एक ओळ असते. ती ओळ खोडायला एक मीटिंग पुरते. गाव त्या मीटिंगला नसतं.

कोणी म्हणेल, ऐझॉललाही मालक होताच की. होता, रॉबर्ट रोमाविया रॉयटे, तिथले उद्योजक, पुढे मिझोरामचे मंत्रीही झाले. म्हणजे पैसा लागतोच, भाबडेपणा नको. फरक मला दिसतो तो पुढच्या घटनेत. चॅम्पियन होऊन काही दिवस झाले नाहीत तोच पुन्हा तीच चर्चा सुरू झाली, आयएसएल वरची लीग, आय-लीग खालची. म्हणजे ऐझॉल देशात पहिली येऊनही दुसऱ्या पायरीवर. तेव्हा क्लबने आमरण उपोषणाचा इशारा दिला. फुटबॉलच्या टीमसाठी उपोषण! मुंबई एफसी बंद झाली तेव्हा आपल्याकडे कोणी एक वेळचा चहा सोडला असता का? मला यात मुंबईची टिंगल करायची नाही. मुंबईकराला लोकल, ऑफिस, पाणी, घर यातून जीव लावायला वेळ उरत नाही, आणि जो उरतो तो क्रिकेट घेऊन जातं. पण जीव लावला नाही तर वस्तू राहत नाहीत, एवढं मात्र या तक्त्याने लख्ख दाखवलं.

पुढचं सांगून टाकतो. त्या वर्षीची टीम वर्षभरात विखुरली. खालिद आणि अल अमना ईस्ट बंगालला गेले, बाकी बरेच जण आयएसएलच्या टीमांनी उचलले. जानेवारी २०१८ मध्ये ऐझॉल आशियाई चॅम्पियन्स लीगच्या पात्रता सामन्यासाठी इराणला गेली आणि झोब आहनकडून ३-१ अशी हरली. आय-लीग पुन्हा जिंकता आली नाही. २०१९ साली आयएसएलला अधिकृतपणे सर्वोच्च लीगचा दर्जा मिळाला. आय-लीगच्या विजेत्याला आयएसएलची वाट उघडली ती २०२३ साली, तेव्हा पंजाब एफसी वर गेली. म्हणजे ऐझॉलला जे मिळायला हवं होतं ते सहा वर्षांनी दुसऱ्याला मिळालं. आणि ज्या आयएसएलसाठी हे सगळं झालं, तिचाही मोसम २०२५ साली करारमदारांच्या घोळात लांबणीवर पडला.

खालिद जमील? ऑगस्ट २०२५ मध्ये तो भारताच्या राष्ट्रीय संघाचा मुख्य कोच झाला. मुंबईने ज्याला सात वर्षांनी निरोप दिला, त्याला देशाने बोलावलं. मधल्या काळात त्याने अनेक टीम सांभाळल्या, पण त्याचं नाव निघालं की लोक अजून ऐझॉलचीच आठवण काढतात.

आपल्याकडे अगदीच अंधार आहे असंही नाही. मुंबई सिटीने २०२०-२१ मध्ये आयएसएलची शील्ड आणि करंडक दोन्ही जिंकले, अंधेरीला गर्दीही होते. मुंबईचीच केंकरे एफसी दोन मोसम आय-लीगमध्ये झगडली आणि खाली गेली. ती खाली गेली तेव्हा मला वाईट वाटलं, पण एक बरंही वाटलं: निदान ती जिन्यानेच गेली.

आमच्या घरातल्या पोरांना मी हल्ली सांगतो, मँचेस्टरचा टीशर्ट खुशाल घाला. पण कूपरेजला किंवा बालेवाडीला एखादा स्थानिक सामना असला तर एकदा जाऊन बसा. तिकीट फार नसतं, कधी कधी नसतंच. कोण खेळतंय, कुठल्या गल्लीतला आहे, त्याचा बाप काय करतो हे विचारा. दोन-चार वेळा गेलात की एखाद्या टीमचं हरणं मनाला लागायला लागेल.

असो. बराच लांबलं. ज्यांनी कूपरेजवर मुंबई एफसी किंवा त्याआधीची महिंद्रा पाहिली असेल, त्यांनी आपापल्या आठवणी जरूर लिहा. त्या टीम आता कुठेच नाहीत, तेव्हा जे काही राहणार ते आपल्या लिहिण्यातच.